नजरेखालची ओळ

बर्फावरचे नृत्य शिकवणारे एक वृद्ध गुरुजी होते. त्यांच्या दोन शिष्या, शाल्मली आणि गार्गी, एकाच निवड स्पर्धेत उतरल्या आणि एका वृत्तपत्राला आयतेच खाद्य मिळाले. गार्गी मान वळवून, डोळे बारीक करून शाल्मलीकडे पाहते आहे, असे छायाचित्र पहिल्या पानावर झळकले. खाली ओळ होती, ‘बर्फावरचे वैर’. वाहिन्यांनी त्याला भीषण संगीत जोडले आणि दिवसभर तेच चित्र फिरवत ठेवले.

त्या दिवसापासून शाल्मलीचे डोके ठिकाणावर राहिले नाही. गार्गी हसली की ही अंग चोरी. गार्गीने विचारपूस केली की हिला वाटे, काहीतरी काढून घ्यायला आली आहे. गार्गी गप्प बसली तर मग विचारायलाच नको. बर्फावरही हिचे सारे लक्ष गार्गीच्या चेहऱ्यावर, आणि हातखंडा उडी रोज चुकू लागली. स्पर्धा उद्यावर आली तेव्हा तिने गुरुजींना गाठले. गार्गी मुद्दाम आपल्या वाटेत येते, तेव्हा तिला सरावाची वेगळी वेळ द्या, असे तिने विनवले.

 गुरुजींनी गार्गीला घरी पाठवले, सरावाची बर्फाची रिंक रिकामी केली आणि शाल्मलीला उडी घ्यायला सांगून स्वतः मोबाइल धरून कठड्याशी उभे राहिले. उडी सुरेख बसली.  गुरुजींनी उडीच्या क्षणभर आधी टिपलेले तिचे छायाचित्र तिच्यापुढे धरले. वळलेली मान, बारीक डोळे, आवळलेले ओठ.

“एवढा राग कुणावर?” त्यांनी विचारले.

“राग कसला, गुरुजी? उलटं सरकत जाऊन उडी घ्यायची म्हणजे मागे कुणी नाही ना, हे बघावंच लागतं.” बोलता बोलता ती थबकली.

“गार्गीही तेवढंच बघत होती. रोज तसंच बघणाऱ्या तुला ते कळू नये? नजर खरी होती, ओळ तेवढी दुसऱ्याची. बातमीदारानं ती एकदा लिहिली आणि तो विसरूनही गेला असेल. तू मात्र तिच्या प्रत्येक नजरेखाली तीच लिहीत बसलीस.”

शाल्मलीचा संशय इतक्या सहजी हटणारा नव्हता. मग ती माझ्याशी पूर्वीसारखी मोकळेपणी का बोलत नाही, असे तिने विचारले.

“कारण पेपर तिच्याही घरी येतो, बाळ. कालच ती माझ्याकडे आली होती. वेगळी वेळ मागत होती.”

शाल्मलीला स्वतःचीच फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी, स्पर्धेपूर्वीच्या एकत्र सरावासाठी बर्फावर उतरण्याआधी, ती गार्गीजवळ गेली. “मागे बघताना डावीकडचं मला नीट दिसत नाही,” ती म्हणाली. “कुणी आडवं येतंय असं वाटलं तर ओरडशील?” ही उणीव तिने आजवर कुणालाही सांगितली नव्हती. गार्गी कितीतरी वेळ तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, यात काही डाव आहे का ते शोधत. शाल्मलीने नजर हटवली नाही.

“ओरडेन,” अखेर गार्गी म्हणाली. “माझी उजवी बाजू तू बघ.”