टाके उसवणारी शिंपीण

डोंगराच्या पायथ्याशी, सागाच्या एका जंगलात एक शिंपीण राहत असे. शिंपीण म्हणजे शिंपी पक्ष्याची मादी, हे तुम्हांला ठाऊक असेलच. मुठीत मावेल एवढी, शेपटी सदा वर आणि चोच सुईसारखी. झाडाचे जिवंत पान वळवायचे, सावरीच्या कापसाच्या धाग्याने त्याच्या कडा शिवायच्या आणि त्या पिशवीत अंडी घालायची, ही तिच्या जातीची रीत. आमच्या शिंपिणीचे टाके तर इतके देखणे की ते बघायला खारी दोन झाडे ओलांडून येत. तिलाही ते माहीत होते, म्हणूनच तिची शेपटी इतर शिंपिणींपेक्षा अंमळ जास्तच वर असे.

त्या जंगलात रोज पहाटे सगळे प्राणी ओढ्याकाठी प्रार्थनेला जमत. प्रार्थना सांगायला एक म्हातारे कासव होते. ते म्हणे, "प्रभू, मला शिकव," आणि सगळे त्याच्यामागून तेच म्हणत. त्यात शिंपिणीचा आवाज सर्वांत वर. मुलांनो, तुम्हीही चर्चच्या रविवारच्या शब्बाथशाळेत डोळे मिटून असेच काहीसे म्हणता. म्हणताना एक डोळा किलकिला करून शेजारच्याकडे बघता, तेही मला ठाऊक आहे. पण ते असो.

एवढ्या गुणी शिंपिणीला एक मोठे दुःख होते. सलग दोन वर्षे तिचे घरटे फसले होते. पिल्ले बाहेर येण्याआधीच पान वाळायचे आणि देठातून गळून पडायचे. खाली पडलेल्या अंड्यांविषयी ती कोणापाशी बोलत नसे. पहिल्या वर्षी तिने वाऱ्याला दोष दिला, दुसऱ्या वर्षी माकडांना. या वर्षी तिने मनाशी पक्के केले की टाके दुप्पट घालायचे आणि करकचून ओढायचे, म्हणजे पान पडायची बिशाद नाही.

सागाच्या एका रोपट्याचे रुंद पान तिने निवडले. पहिला टाका घालणार तोच पानाच्या आतल्या बाजूला तिला एक गुबगुबीत हिरवी अळी दिसली. शिवणाआधी न्याहारी झाली तर बरेच, असे म्हणून तिने अळीला चोचीत धरले.

"खायचं तर खा," अळी धडपडत म्हणाली, "पण आधी एक ऐक. या मधल्या शिरेत टाका घालू नकोस. पान वाळेल."

शिंपिणीला हसू आवरेना. "पानं कुरतडणारी तू मला शिवणकाम शिकवणार?"

पण हसायचे तर चोच उघडावी लागते! अळी टपकन खाली पडली आणि खालच्या पानाला बिलगली. तिथून ती म्हणाली, "कुरतडते म्हणूनच तर मला माहीत. मी पानाचा गर खाते आणि शिरा तेवढ्या सोडते. शीर खाल्ली की दुसऱ्या दिवशी पान कडक होतं, मग मी काय खाऊ? पान शिरांतूनच पाणी पितं, ताई. तू मोठी मोठी भोकं पाडून त्या मधल्या शिरेलाच आवळायला निघालीस."

"चल, चालती हो," शिंपीण म्हणाली. तिने मधल्या शिरेतून सात टाके घातले, तेही करकचून. मग आत कापूस अंथरला आणि तीन अंडी घातली.

चौथ्या दिवशी पानाची कड तपकिरी झाली. पाचव्या दिवशी तो तपकिरी पट्टा बोटभर आत सरकला. शिंपीण अंड्यांवर बसून नुसती त्या पट्ट्याकडे बघत राहिली. आता वाऱ्यालाही बोल लावता येत नव्हता, कारण वारा पडलेलाच होता, आणि माकडे तर तिकडे फिरकलीसुद्धा नव्हती.

सहाव्या दिवशी पहाटे ती प्रार्थनेला गेली. कासव म्हणाले, "प्रभू, मला शिकव." सगळे म्हणाले. शिंपिणीने चोच उघडली, पण शब्द काही बाहेर येईना. सगळे पांगल्यावर कासवाने मान वळवून विचारले, "काय ग, आज आवाज कुठे गेला?"

शिंपिणीचे डोळे भरून आले. "आजोबा, रोज मी एवढं मागते, पण प्रभू मला काही शिकवायलाच येत नाही. पान पुन्हा वाळायला लागलंय."

"कोणीच आलं नव्हतं काही सांगायला?"

"कोणी नाही. म्हणजे... एक अळी होती. पण तिचं काय धरायचं?"

कासवाने मान हलवली. मग म्हणाले, "मग तुला काय वाटलं होतं, शिवणकाम शिकवायला स्वर्गातून देवदूत येईल? पोरी, मोठ्यांना धडा द्यायचा होता तेव्हा प्रभू येशूनं एका लहान लेकराला सगळ्यांमध्ये आणून उभं केलं. त्याची शिकवायची रीतच तशी आहे. जा, अजून पान हिरवं आहे तोवर जा."

शिंपीण तडक उडाली. रोपट्याच्या खालच्या पानावर अळी होती. शिंपिणीला पाहताच तिने अंग चोरले. शिंपिणीची शेपटी त्या दिवशी प्रथमच खाली होती.

"मी तुला हसले, माझं चुकलं," ती म्हणाली. "माझी अंडी जातील. मला शिकवशील का? वर माझ्या घरट्यापर्यंत चालत यायला तुला दुपार होईल. मी तुला चोचीतून नेते."

"पुन्हा चोचीत? मागच्या वेळी तू हसलीस म्हणून मी वाचले."

"या वेळी चोच दाबणार नाही, उघडणारही नाही. शप्पथ."

अळीने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. तिला भीती वाटत होती, आणि ती वाटायलाच हवी होती. शेवटी ती म्हणाली, "ज्यानं मला घडवलं, त्याचीच ती अंडी. चल."

शिंपिणीने तिला अलगद उचलले. जन्मात इतका वेळ ती कधी गप्प राहिली नव्हती. घरट्याच्या काठावर बसून अळी एकेक टाका तपासू लागली आणि शिंपीण मान खाली घालून ऐकू लागली.

"आधी शेजारचं पान जोडून घे, म्हणजे अंडी अधांतरी राहणार नाहीत. भोकं कडेला पाड, अगदी बारीक. धागा सैल सोड, पान वाढतंय अजून. हं, आता हे सातही टाके उसव."

आपलेच टाके उसवणे किती जड जाते, हे ज्याने शिवले आहे त्यालाच कळते. खारी आल्या, बघून एकमेकींना कोपर मारून हसल्या. शिंपिणीने तिकडे लक्ष दिले नाही. ती एकेक टाका सोडवत गेली आणि प्रत्येक टाक्याला मनात म्हणत गेली, "प्रभू, मला शिकव." उन्हे कलेपर्यंत काम संपले. दोन दिवसांत तपकिरी पट्टा जागच्या जागी थांबला. पान एका अंगाने वाळलेले आणि एका अंगाने हिरवे, अशा त्या ओबडधोबड घरट्यात पुढच्या आठवड्यात तीन पिल्लांनी चोची उघडल्या.

त्या पहाटे शिंपीण ओढ्याकाठी आली. ती फार काही बोलू शकली नाही. "प्रभू, तू शिकवलंस," एवढे म्हणून ती रडू लागली, आणि ते आनंदाचे रडू होते हे सगळ्यांना समजले. परत जाताना तिने एक कोवळे पान तोडून नेले व अळीपुढे ठेवले.

काही दिवसांनी पिल्लांचे डोळे उघडले. सर्वांत खादाड पिल्लाने घरट्याच्या काठावरची अळी पाहिली आणि ते अधाशासारखे ओरडले, "आई, ती हिरवी! ती दे!"

शिंपिणीने पंख पुढे करून त्याला मागे सारले.

"नमस्कार कर," ती म्हणाली. "या आपल्या घरच्या गुरुजी आहेत."

तात्पर्य : 'प्रभू, मला शिकव' असे म्हणणाऱ्याने शिकवायला कोणी यावे हे आपण ठरवू नये, प्रभू ज्याला पाठवील त्याच्याकडून नम्र मनाने शिकावे, चुकलेले टाके उसवावेत आणि त्याचे उपकार आनंदाने मानावेत.