चढणीचे मासे

पूर्वी कुमुदवती नगरीवर धृतिसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व त्याच्या दरबारी अमात्य होता. शेत, रान आणि पाणी या तिन्हींचा कारभार त्याच्याकडे होता. आधीचे अमात्य गावात आले की लोक धान्य लपवीत. हा आला की लोक घोंगडी अंथरीत, कारण हा घ्यायला येण्याआधी काय हवे ते विचारायला येई. पीक बुडाले तर शेतकऱ्याला राजकोठारातून बियाणे मिळे, बैल मेला तर बैल मिळे. रानातल्या लोकांचा मध आणि लाख यांवरचा कर त्याने राजाला सांगून माफ करविला होता. राहता राहिले कोळी.

नगराच्या पूर्वेला एक मोठे तळे होते. त्याच्या काठी कोळ्यांची वस्ती होती आणि गोधक नावाचा माणूस त्या वस्तीचा मुख्य होता. तळ्यातली मासळी वर्षानुवर्षे कमी होत चालली होती. बोधिसत्त्व गोधकाच्या अंगणात जाऊन बसला आणि असे का होते म्हणून त्याने विचारले.

गोधक म्हणाला, "अमात्य, पावसाच्या तोंडाला मासळी गाबोळीनं, पोटातल्या अंड्यांनी, भरलेली असते. तेव्हा ती जड असते, पळत नाही, आणि नेमकी तेव्हाच आम्ही ती मारतो. एका मासळीबरोबर तिची सगळी पिलावळ मरते. कळतं आम्हाला. पण पोट ऐकत नाही."

बोधिसत्त्वाने राजाला सल्ला दिला, की पावसाळ्याचे पहिले दोन महिने तळ्यात जाळे पडू नये, आणि तेवढे दिवस कोळ्यांच्या घरी कोठारातून तांदूळ जावा. राजाने विचार केला आणि होकार दिला. मात्र तो म्हणाला, "कोठार सगळ्या प्रजेचं आहे. दोन पावसाळे जाऊ देतो. तळं मासळीनं भरलं तर उत्तम. नाही भरलं, तर ज्याच्यामुळे तांदूळ वाया गेला त्याला मी सोडणार नाही, मग तो कोळी असो की अमात्य."

आता पिंगल नावाच्या माणसाकडे वळू. तळ्याच्या वरच्या अंगाला शालिग्राम नावाचे शेतकऱ्यांचे गाव होते आणि पिंगल तिथला चांगला खातापिता शेतकरी. त्याची भातखाचरे उतारावर होती आणि त्यांच्या कडेने एक ओढा तळ्यात जाई. माणूस कष्टाळू होता, बायकोवर हात उगारणारा नव्हता, दारचा भिकारी रिकामा पाठवणारा नव्हता. त्याला एकच रोग होता. दुसऱ्याचे बरे झालेले त्याला बघवत नसे.

पहिल्या पावसात चिखलणी चालली होती. पिंगल गुडघाभर गाऱ्यात, वरून धार लागलेली, आणि खाली कोळ्यांच्या वस्तीत घराघरातून धूर निघत होता. कोठारातल्या तांदळाच्या भाताचा वास वाऱ्याबरोबर बांधापर्यंत आला. गोधक ओसरीत पाय पसरून बसलेला पिंगलाला दिसला. पिंगलाच्या अंगाची लाही झाली.

घरी येऊन तो उत्तरेला, म्हणजे आपल्या बायकोला, म्हणाला, "आम्ही घाम गाळून राजाला सहावा हिस्सा द्यायचा, आणि राजानं तो कोळ्यांना बसून खायला घालायचा. काम काय, तर काम न करणं. आयत्या बिळावर नागोबा नुसता."

उत्तरा म्हणाली, "अहो, मागच्या साली आपला बैल गेला तेव्हा कोठारातूनच बैल आणलात ना? तेव्हा कुणी कोळी रडत आला नव्हता."

"ते वेगळं. बैलानं मी काम करतो."

"मग तुम्हीही जा की तळ्याकाठी राहायला. कोण अडवतंय?"

यावर पिंगल ताट अर्धवट टाकून पुन्हा बांधावर गेला. पुढे हे रोजचेच झाले. बांधावर उभा राहून तो आपल्या रोपांकडे कमी आणि खालच्या वस्तीकडे जास्त बघू लागला. गोधकाने छपर शाकारले, की पिंगल म्हणे, वेळ आहे ना साहेबांना. गोधक आजारी पडला, की म्हणे, बसून खाल्लं की असंच होतं. गोधकाच्या मुलीचे लग्न ठरले त्या दिवशी तर तो संध्याकाळी जेवलाच नाही. गोधकाने त्याच्याशी कधी वाकडा शब्द काढला नव्हता, भेटला की रामराम करण्याआधी हसत असे. ते हसणेही पिंगलाला टोचे.

दोन पावसाळे गेले. तळे भरले नाही. पूर्वीपेक्षा थोडी मासळी वाढली असेल, पण राजाच्या नजरेत भरावे असे काही झाले नव्हते. तिसऱ्या पावसाच्या तोंडाशी पुन्हा तांदूळ मोजायची वेळ आली तेव्हा राजाने सभा बोलावली आणि विचारले, "कोळ्यांनी जाळी खरोखर कोरडी ठेवली का?"

कोळी म्हणाले, ठेवली. तेव्हा शालिग्रामच्या लोकांतून पिंगल पुढे झाला. "महाराज, गेल्या आषाढात गोधकाला मी कमरेइतक्या पाण्यात उभा पाहिला. हात पाण्याखाली होते. आता कमरेइतक्या पाण्यात उभा राहून माणूस काय करतो, हे मी सांगायला नको."

गोधक म्हणाला, "मी वेल काढत होतो, महाराज. तळं वेलांनी गुदमरलं होतं."

"वेल काढताना कुणी पाहिलं?" राजाने विचारले. कुणीच पुढे आले नाही. राजा संतापला. येत्या पौर्णिमेला कोळ्यांनी काठ सोडून जावे, तळ्यावर त्यांचा हक्क राहणार नाही, असा हुकूम त्याने दिला. गोधकाच्या तोंडचे पाणी पळाले. पाण्याशिवाय दुसरा धंदा त्या लोकांना ठाऊक नव्हता. बोधिसत्त्वाने राजाकडे पौर्णिमेपर्यंत चौकशीची मुभा मागितली आणि ती मिळाली.

पिंगल घरी परतला तो जवळजवळ गुणगुणत. खोटे बोललो असे त्याला अजून वाटत नव्हते. गोधक पाण्यात होता, हे खरेच होते.

बोधिसत्त्व तळ्याभोवती हिंडला, तळ्याला मिळणारे पाणी बघत बघत ओढ्याने वर निघाला. दुपारी शालिग्रामच्या शिवारात त्याला पावसाने गाठले. जवळचे घर पिंगलाचे होते. उत्तरेने त्याला पाय धुवायला पाणी दिले, पाट मांडला आणि गरम भाताबरोबर माशांचे कालवण वाढले. कालवण चिंचेचे होते आणि त्यात गाबोळीचे चांगले मोठे तुकडे होते.

बोधिसत्त्वाचा हात ताटातच थांबला. त्याने विचारले, "बाई, हे मासे कुठले?"

पिंगलच मधे बोलला, "आमच्याच शेतातले. आम्हाला काही राजा तांदूळ देत नाही, पण देव देतो. पाऊस गडगडला की ढगातून मासे पडतात खाचरात. आजोबांपासून चालत आलंय."

उत्तरा हसली. "ढगातून कसले पडतात? ओढ्यातून चढतात. पाऊस लागला की तळ्यातले मासे उलट्या पाण्यानं वर येतात, अंडी घालायला खाचरात शिरतात. बांधाचं खांड आहे ना, पाणी जायला ठेवलेलं, तिथं मी टोपली लावते. सगळं गाव लावतं. चढणीचे मासे ते. गाबोळीनं भरलेले असतात म्हणून तर चव."

उत्तरेला आपण काय बोललो ते कळले नव्हते. बोधिसत्त्वाला कळले होते. आणि पिंगलालाही कळले. कोळ्यांनी दोन वर्षे जी मासळी पाण्यात राखली, ती वर चढून आली होती आणि शालिग्रामच्या चुलीवर शिजली होती. कोळ्यांनी तांदूळ खाल्ला, पण तळे खाल्ले शेतकऱ्यांनी.

पण पिंगलाच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे बाहेर पडले तर गोधक सुटेल. पुन्हा त्याच्या घरी तांदूळ जाईल. पुन्हा तो ओसरीत पाय पसरून बसेल. पिंगल मूग गिळून गप्प बसला. बोधिसत्त्वाने त्याच्याकडे एकदा पाहिले, भात तेवढा खाऊन संपवला, हात धुतले आणि उत्तरेला आशीर्वाद देऊन तो निघून गेला.

वाटेने बोधिसत्त्वाच्या मनात आले: राजाने ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याला सोडणार नाही असे सांगितले आहे. मी पिंगलाचे नाव घेतले तर मी मोकळा होईन. पण मग शेतकरी आणि कोळी जन्माचे वैरी होतील, एकमेकांच्या दारचे पाणी पिणार नाहीत, आणि तळे रिकामे ते रिकामेच राहील. शिवाय नियम मी केला. मासळीची वाट कुठपर्यंत जाते हे मी आधी विचारायला हवे होते. तळ्याचा काठ जिथे संपतो तिथे माझी बुद्धी संपली.

पौर्णिमेला सभा भरली. कोळ्यांनी आपली भांडीकुंडी बांधून आणली होती, बायका सभेबाहेर झाडाखाली बसल्या होत्या. बोधिसत्त्व उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, कोळ्यांनी जाळी कोरडी ठेवली. मासळी ओढ्याने वर चढते आणि अंडी घालण्याआधीच मारली जाते. वर जे मासे धरतात त्यांना कुणी मनाई केली नव्हती, म्हणून त्यांचा अपराध नाही. नियम मी केला, आणि तो अर्धा केला. तांदूळ वाया गेला तो माझ्यामुळे."

राजाने विचारले, "आणि गोधकाला पाण्यात पाहिलं म्हणणारा?"

"त्याने गोधकाला पाण्यातच पाहिलं होतं," बोधिसत्त्व म्हणाला.

राजाला हा अमात्य प्रिय होता. पण भर सभेत दिलेला शब्द होता. जड आवाजात राजा म्हणाला, "मुद्रा खाली ठेव. तुझ्या निर्वाहासाठी दिलेलं गाव आजपासून कोठाराकडे जमा."

बोधिसत्त्वाने बोटातली राजमुद्रेची अंगठी काढली. बरीच वर्षे घातलेली, ती सहज निघेना. तो ती शांतपणे फिरवत राहिला.

पिंगल हे बघत होता. खरे सांगायचे तर, कोळी सुटले हे ऐकताच त्याच्या पोटात नेहमीसारखे दुखले होते. बाहेर कोळ्यांच्या बायकांनी गाठोडी सोडायला सुरुवात केली, तेही त्याला सहन झाले नव्हते. पण ती अंगठी निघेना, आणि तो माणूस ना त्याच्याकडे बघत होता ना रागावत होता. पिंगलाला वाटले, याने माझ्याकडे एकदा बोट दाखवावे. दाखवले असते तर त्याचा द्वेष करून मोकळे होता आले असते. तेवढेही त्याला मिळेना.

तो कधी उठला ते त्याचे त्यालाच कळले नाही. "महाराज, थांबवा. ते जे अंगावर घेताहेत ते माझं आहे. गोधक वेल काढत होता. वेल काठावर पडलेले मला दिसत होते. मासळी तळ्यातून माझ्या खाचरात येते हे मला घरी जेवताना कळलं, अमात्यांसमोर कळलं, तरी मी बोललो नाही. कोळ्यांनी काठ सोडून जावं म्हणून बोललो नाही."

राजा चकित झाला. "त्या कोळ्यानं तुझं काय नेलं होतं?"

पिंगल खाली बघत म्हणाला, "काही नाही, महाराज. माझं काहीच न नेता तो सुखात होता. तेच मला बघवत नव्हतं."

सभेत कुणी हसले नाही. कित्येकांनी माना खाली घातल्या. बोधिसत्त्वाने तेव्हा एवढीच गाथा म्हटली:

परसुखे जया ताप, त्यासी थंडावा कोठुनी?
स्वसुखही तया लाभे, तेही जाते करपुनी.

मग तो राजाला म्हणाला, "महाराज, याला शिक्षा नको. माझं जे गाव जमा झालं, त्याचं धान्य ओढ्याकाठच्या शेतकऱ्यांना द्या. चढणीच्या दिवसांत त्यांनी खांडं मोकळी ठेवावीत, टोपल्या लावू नयेत. कोळ्याला जसं जाळं आवरल्याचं मिळतं तसं त्यांना टोपली आवरल्याचं मिळू दे."

राजाने अंगठी त्याच्या बोटातच राहू दिली. गाव मात्र बोधिसत्त्वाने स्वतःहून परत घेतले नाही. पिंगलाचे काय करायचे, हे राजाने गोधकावर सोडले.

गोधकाने डोके खाजवले. मग म्हणाला, "पावसात ओढ्यावर लक्ष ठेवायला एक माणूस लागेल. याला आमच्याकडे बघत बसायची सवय आहेच. हाच बरा."

त्या वर्षापासून पिंगल पावसात ओढ्याकाठी उभा राहू लागला. त्याच्या पायांवरून मासे वर चढत आणि तो त्यांना वाट देई. मत्सर एका दिवसात जातो असे कुणी सांगितले तर ऐकू नका. तांदूळ मोजला जाई तेव्हा गोधकाचे मापटे आपल्यापेक्षा भरून तर नाही ना, हे तो अजूनही चोरून बघे. उत्तरा ते पाही आणि त्याच्या कोपराला हळूच चिमटा काढी. तळे मासळीने भरले, आणि दोन्ही गावे त्यावर जगू लागली.

जेतवन विहारात आजारी भिक्षूंना सकाळी गरम पेज मिळू लागली, तेव्हा धडधाकट भिक्षूंत कुजबुज सुरू झाली होती. त्या वेळी शास्त्याने, म्हणजे भगवंताने, ही कथा सांगितली आणि त्या जन्मीच्या माणसांचा आताच्यांशी मेळ असा घातला: तेव्हाचा राजा तो आताचा आनंद. गोधक तो सारिपुत्र. उत्तरा ती उत्पलवर्णा. अमात्य तो मीच.

भिक्षूंनी विचारले, "भगवन्, आणि पिंगल? तो आपला द्वेष करणारा देवदत्त असेल."

"देवदत्त नव्हता," शास्ता म्हणाला आणि त्याने कुणाचेच नाव घेतले नाही. दुसऱ्याच्या सुखाने सुखी होणे, म्हणजे मुदिता, हिचा उपदेश करून तो उठला. पेज अजून वाटायची होती. त्या सभेतले कितीतरी जण, आपणच तो पिंगल अशा समजुतीने, ती वाढायला गेले.