भेट आणि खंडणी

आपल्या खापरपणज्यांना ज्यांनी गोष्टी सांगितल्या, त्यांच्याही आधीच्या काळी एक बलाढ्य राजा होता. त्याच्या राज्याच्या वेशीबाहेर दोन डोंगर होते. तिथली माणसं राजाची प्रजा नव्हती, शेजारी होती. म्हणून दरवर्षी प्रत्येक डोंगरावरून मधाचा एक घडा दरबारात जाई आणि राजाकडून मीठ येई.

दरबाराची एक रीत होती. कोणी काय आणलं आणि काय म्हणून आणलं, हे भालदार मोठ्याने पुकारे. आणणाऱ्याने ते ऐकून वस्तू ठेवली, की तोच कायदा.

एका वर्षी नवा प्रधान आला. भारी हुशार! त्याने भालदाराला हळूच काही सांगितलं आणि भालदार ओरडला, "डोंगरांची खंडणी! मधाचे दोन घडे!"

पहिल्या डोंगराचा नाईक हसत पुढे झाला आणि घडा ठेवून मोकळा झाला.

दुसऱ्या डोंगराची प्रमुख एक काटकुळी म्हातारी होती. ती जागची हलली नाही. "भालदारा, चुकलास. ही भेट आहे."

प्रधान म्हणाला, "आजीबाई, घडा तोच, मध तोच. भेट काय नि खंडणी काय, सारखंच की!"

"सारखंच ना? मग भेटच म्हणा."

दरबार खुदकन हसला. प्रधानाचा चेहरा लाल झाला. "खंडणी म्हणायचं, नाहीतर मीठ बंद!"

म्हातारीने घडा उचलून डोक्यावर ठेवला आणि ती चालू लागली. तिचं ते भर दरबारातून निघून जाणं सांगताना माझी छाती अजून फुगते.

वाटेत नाईकाने तिला गाठलं. "आत्याबाई, एका शब्दापायी सगळ्या डोंगराला अळणी खायला लावणार?"

"भेट मी माझ्या मनाने देते, बाबा. खंडणी तो त्याच्या मनाने घेतो," म्हातारी म्हणाली.

वर्षभर तिच्या डोंगरावर मीठ नव्हतं. सुना कुरकुरल्या, पोरांनी ताटं सरकवली. म्हातारी मुकाट्याने सगळ्यांबरोबर तेच अळणी जेवली. तिलाही ते आवडत नव्हतंच.

पुढच्या वर्षी रान फुललं नाही. दोन्ही डोंगरांवरची मोहोळं कोरडी पडली. मध गेला नाही, तसे राजाचे शिपाई आले.

"खंडणी चुकली!" ते नाईकाला म्हणाले.

"अहो, यंदा मधच नाही! आणि आम्ही काय तुमची प्रजा आहोत?"

"खंडणी देतो तो प्रजाच. पुकारा झाला तेव्हा तूच घडा ठेवलास ना?"

शिपायांनी शेळ्या हाकल्या आणि धडधाकट माणसं वेठीला धरून नेली.

मग ते दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याशी आले. म्हातारी वाट अडवून उभी होती. तिच्यामागे सगळा डोंगर होता, कुरकुरणाऱ्या सुनाही कमरेला पदर खोचून उभ्या होत्या.

शिपायांच्या जमादाराने विचारलं, "यांच्याकडून काय येणं आहे?"

"काही नाही," शिपाई खाली बघत म्हणाला. "यांची खंडणी दरबारात कधी जमाच झाली नाही."

जमादाराने घोडा वळवला. म्हातारीने त्याला मागून हाक मारली.

"राजाला सांगा, मोहोळं भरली की मध घेऊन येईन. मनात आलं तर!"

तात्पर्य: जवळचे वाटणारे शब्द एकच नसतात; आपल्या देण्याला कोणता शब्द लावायचा, हे आपणच ठरवावं.