चर्चच्या मनोऱ्यावरून

"मग काय, नकाशा खोटं बोलतो?"

निरंजन साबळे मक्याच्या शेतालगत येरझाऱ्या घालत होता. उत्तर जर्मनीतल्या आटलेल्या दलदलींवर त्याचं संशोधन चाललं होतं. एकशेवीस वर्षांपूर्वीचा सर्वेक्षण नकाशा त्याने संगणकावर आजच्या नकाशावर बसवला होता. निळ्या रेघांची दलदल नेमकी या शेतात येत होती. उद्या अहवाल गेला, की इथले चर बुजवून शेतात पुन्हा पाणी साठू देणार होते.

शेत वीबके या गावातल्या शेतकरणीचं. इथे दलदल कधी नव्हतीच, असं तिचं म्हणणं.

निरंजनच्या मार्गदर्शक हेडविगबाई चाळीस वर्षं असे नकाशे वाचत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बूट काढ."

"काय?"

"बूट काढ आणि चाल."

तो धुसफुसत निघाला. दहा पावलं... पन्नास... शंभर. माती कोरडी, घट्ट.

बाई वीबकेकडे वळल्या. "तुमचा ट्रॅक्टर कुठे रुततो?"

"इथे नाही." तिने ओढ्यापलीकडच्या कुरणाकडे बोट दाखवलं. "तिथे. दर वर्षी."

निरंजन तरातरा तिकडे गेला. सातव्या पावलाला घोट्यापर्यंत आत. काळं, गार पाणी वर आलं.

तो तसाच उभा राहिला...

"नकाशा बसवताना खूण कोणती धरलीस?" बाईंनी काठावरून विचारलं.

"चर्चचा मनोरा. बाकी सगळं त्यावरून."

"नकाशातलं ते चर्च माझ्या आजीच्या लहानपणी जळालं," वीबके म्हणाली. "नवं बांधलं ते पार पलीकडे, टेकाडावर. गावात कुणालाही विचारलं असतंत तरी..." ती थांबली. "मी तीन पत्रं पाठवली तुम्हाला."

पत्रं निरंजनच्या खोलीत टेबलावर होती. न उघडलेली.

"म्हणजे नकाशा बरोबर होता," निरंजन पुटपुटला.



मग त्याची घाई सुरू झाली. एक पाय उपसला, दुसरा आणखी रुतला. "बाई, उद्या सकाळी अहवाल द्यायचाय. मी खोलीवर जातो, पाय धुतो, आणि पहिल्यापासून नीट..."

बाईंनी पिशवीतून वही काढून त्याच्यापुढे धरली.

"पाय धुऊ नकोस. इथेच बस आणि लिही."