हैबतीचं मिनिट

एका घाटात धामणखिंड नावाचं गाव होतं, आणि त्या गावात हैबती नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगानं रेडा, मनानं कोकरू. सांगितलेलं काम तो जसंच्या तसं करायचा. त्याच्यात दुसरा दोष नव्हता.

हैबतीला मामाची मुलगी वैजू करायची होती. वैजूची ना नव्हती. मामाची होती. निवृत्तीमामा गावचे सरपंच. ते म्हणायचे, "याला पोरगी दिली तर तिनं संसार सांभाळायचा की याला?"

त्या वर्षी घाटात मोटारींची रॅली आली. साधी नव्हे. वर्षभर देशोदेशी फिरणारी स्पर्धा, त्यातले तीन दिवस घाटातल्या डांबरी रस्त्यावर. एक गाडी सोडायची, ती लांब गेली की दुसरी सोडायची. प्रत्येकीला किती वेळ लागला ते मोजायचं आणि तीन दिवसांची बेरीज करायची. ज्याचा वेळ सगळ्यात कमी, तो पहिला. वळणावळणावर राखणीला माणसं लागत होती. ती गावानं द्यायची होती. त्यांचे मुकादम मामा.

एक माणूस कमी पडला. मामांनी हैबतीला बोलावलं.

"तीन दिवस वळणावर राखण करायची. नीट केलीस तर वैजू तुझी."

"आणि नाही केली तर?"

"तर तिचं नाव काढायचं नाही."

हैबतीला नारिंगी जाकीट मिळालं. मामा म्हणाले, "ही दोरी बांधली आहे. दोरीच्या आत रस्त्यावर कुणी आलं की हात आडवे करायचे आणि अडवायचं. राजा असला तरी सोडायचं नाही. ध्यानात ठेव."

हैबतीनं ध्यानात ठेवलं. त्याच्या ध्यानात एका वेळी एकच गोष्ट मावायची.

पहिल्या दिवशी पहिली गाडी आली. लाल रंगाची. आत वाट सांगणारा एक जोडीदार आणि गाडी चालवणारा बर्फाच्या देशातला गोरा होता. वर्षभर तोच पुढे होता. हैबती रस्त्याच्या मधोमध गेला आणि त्यानं हात आडवे केले. गोऱ्यानं ब्रेक दाबला. गाडी हैबतीच्या गुडघ्यापाशी थांबली.

"परत जा," हैबती म्हणाला.

गोरा आपल्या भाषेत पुष्कळ बोलला.

"राजा असलास तरी नाही," हैबती म्हणाला.

मामा धावत आले. त्यांनी हैबतीला काखेत धरून बाजूला ओढलं. गाडी गेली.

"अरे, ज्यांच्यासाठी रस्ता मोकळा ठेवला त्यांनाच अडवतोस?"

"तुम्हीच म्हणालात, कुणी आलं की अडव."

"रॅलीवाला आला की बाजूला सरायचं. टाळ्या वाजवायच्या आणि जाऊ द्यायचं. ध्यानात ठेव."

हैबतीनं ध्यानात ठेवलं.

थोड्या वेळानं कोंडिबा धनगर वरच्या अंगानं शेळ्या घेऊन आला. त्याला रॅलीचं काही ठाऊक नव्हतं. त्यानं लांबूनच विचारलं, "पाव्हणं, जाऊ का इथनं?"

"रॅलीवाले का?" हैबतीनं विचारलं.

"कोण मी?"

"शेळ्या."

कोंडिबानं शेळ्यांकडे बघितलं. "असतील," तो म्हणाला. सरपंचांच्या भाच्याशी वाद कशाला घाला.

हैबती बाजूला सरला. त्यानं टाळ्या वाजवल्या. शेळ्या दचकल्या आणि रस्ताभर पांगल्या. त्या दिवशीची उरलेली शर्यत बंद करावी लागली.

घरी मामांनी जाकीट परत मागितलं. वैजू चुलीपुढून म्हणाली, "आबा, त्याची काय चूक? तुम्ही अर्धं सांगता. पुरतं सांगत जा."

मामांनी सुस्कारा टाकला. त्यांच्याकडे माणूसही दुसरा नव्हता. ते म्हणाले, "हैबती, रस्त्यात काही अडून उभं राहिलं, तर टाळ्या वाजवायच्या नाहीत. गोंजारायचं. मूठभर गवत दाखवायचं. कडेला घ्यायचं आणि झाडाला बांधून टाकायचं. ध्यानात ठेव."

मामांच्या मनात शेळ्या होत्या. ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आधी गेलेल्या गाड्यांनी वळणाची कड चाटून माती रस्त्यावर आणली होती. डांबरावर माती म्हणजे साबण. लाल गाडी आली, गर्रकन फिरली, उलट तोंड करून कडेला थांबली आणि बंद पडली. गोरा ती चालू करायला लागला.

हैबती सावकाश जवळ गेला. त्यानं गाडीच्या टपावरून हात फिरवला. गवत उपटून पुढच्या दिव्यांना दाखवलं. गोऱ्यानं काच खाली केली, तेव्हा ते आत दिलं. मग त्यानं मागच्या बंपरला दोरी बांधली आणि दुसरं टोक बाभळीला.

"अगदी गरीब आहे," तो म्हणाला. "लाथ मारत नाही."

गाडी चालू झाली. गोऱ्यानं जोर दिला. गाडी गेली. बंपर राहिला. गाठ मात्र पक्की होती, ती सोडवायला नंतर कोयता लागला.

मामा आले. त्यांनी बाभळीला बांधलेला बंपर बघितला.

"मी गवतही दिलं," हैबती म्हणाला.

"अरे, बंद पडलेली गाडी बांधायची नसते. चार माणसं बोलवायची. उचलायची, उताराकडे तोंड करायची आणि ढकलून द्यायची. ध्यानात ठेव."

हैबतीनं ध्यानात ठेवलं.

दुपारी शर्यतीला सुट्टी होती. बंपरची चौकशी करायला रॅलीचे मोठे साहेब आले. त्यांनी आपली पांढरी गाडी वळणावर बंद केली, चाकाखाली दगड लावला आणि ते मामांच्या घरी चहाला गेले. घर उताराला होतं.

हैबतीनं बघितलं. गाडी बंद होती. त्यानं चार माणसं बोलावली.

"ही कुणाची?" एकानं विचारलं.

"कुणाची का असेना. बंद आहे ना?"

बंद होतीच. त्यांनी ती उचलली आणि उताराकडे वळवली. चाकाखालचा दगड हैबतीनं आधीच काढून ठेवला होता.

साहेब ओट्यावर चहा पीत होते. त्यांच्यासमोरून एक पांढरी गाडी एकटीच गेली.

"अशीच गाडी माझी आहे," साहेब म्हणाले.

मामांनी कप खाली ठेवला. गाडी पाटलांच्या उकिरड्यात जाऊन थांबली. शेण ओलं होतं म्हणून दिवे वाचले.

त्या संध्याकाळी मामांचा आवाज बसला होता. "हैबती, ढकलायच्या आधी वाकून आत बघायचं. आत माणूस हवा. त्यानं पट्टा बांधलेला हवा. तरच ढकलायचं. नाहीतर हात लावायचा नाही."

"आत माणूस, अंगाला पट्टा," हैबती म्हणाला. "ठेवलं ध्यानात."

तिसऱ्या दिवशी मामांनी शहाणपण केलं. हैबतीला वळणावरून हलवलं आणि शेवटच्या ठाण्यापाशी उभं केलं. तिथं शर्यत संपलेली असते. गाड्या हळू येतात, थांबतात, ठाण्यावर वेळेची नोंद करून जातात. तिथं काही घडतच नाही.

पण ठाण्याचा एक नियम होता. प्रत्येक गाडीला तिचं मिनिट ठरवून दिलेलं असतं. उशीर झाला तर थोडा दंड, आणि मिनिटाच्या आधी आत गेलं तर भारी दंड. म्हणून गाडीवाले ठाण्याच्या पिवळ्या पाटीअलीकडे येऊन घड्याळ बघत गप्प उभे राहतात. मामांना हे माहीत होतं. हैबतीला सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

लाल गाडी आली. अजून तीच पहिली होती. गोऱ्यानं ती पाटीअलीकडे उभी केली. त्याच्या मिनिटाला अवकाश होता. त्यानं इंजिन बंद केलं.

हैबती वाकला. आत माणूस होता. दोन माणसं होती. दोघांनी पट्टे बांधले होते.

गोऱ्यानं मान वळवली आणि हैबतीला ओळखलं. त्याचा रंग आधीच पांढरा होता, तो आणखी पांढरा झाला.

"या रे," हैबतीनं हाक दिली.

चौघं आले. गोऱ्यानं ब्रेक दाबून धरला. तो दोन्ही हात हलवून नको नको म्हणत होता.

"आभार मानतोय," हैबती म्हणाला.

गाडी ढळेना, तेव्हा आणखी चौघं आले. त्यांनी ती मागून उचलली आणि पाटीच्या आत नेऊन ठेवली. ठाण्यावरच्या माणसानं घड्याळ बघितलं आणि नोंद केली. चार मिनिटं आधी. गोरा पहिल्याचा सहावा झाला. वर्षाचं अजिंक्यपदही त्यातच गेलं.

मामा आले तेव्हा गोरा शिरस्त्राण मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसला होता. हैबती त्याला पाणी देत होता.

"मामा, मी वाकून बघितलं," हैबती म्हणाला. "पट्टेही बघितले."

मामा गोऱ्याशेजारी बसले. मग मामा म्हणाले, "हैबती, हे आता मरेपर्यंत ध्यानात ठेव. आपलं मिनिट येईपर्यंत पिवळ्याच्या अलीकडे उभं राहायचं. मिनिट लागलं की मगच आत पाऊल टाकायचं. कुणी ओढलं, ढकललं, शिव्या दिल्या, तरी आधी जायचं नाही. आधी गेलं की दंड."

"ठेवलं, मामा."

"आणि वैजूचं नाव काढायचं नाही."

घरी वैजू बापापुढे उभी राहिली. "आबा, मला तोच पाहिजे."

"काय बघितलंस त्याच्यात?"

"गावात सांगितलेलं ऐकणारा एक तरी पुरुष दाखवा. मी त्याच्याशी लग्न करते."

मामांनी सगळं गाव मनात फिरून बघितलं. वैजूची आई आतून म्हणाली, "घरातसुद्धा नाही." मामांनी लग्न ठरवलं.

चातुर्मासाआधीचा शेवटचा मुहूर्त धरला. दुपारी बारा वाजून सदतीस मिनिटं. मामांनी तो हैबतीला दहादा सांगितला.

लग्नाच्या दिवशी मारुतीला नारळ देऊन वरात मांडवापाशी आली. वाजंत्री थांबली. हैबती घोड्यावरून उतरला. मांडवाच्या तोंडाला झेंडूचं तोरण होतं. भरगच्च, पिवळं. हैबती तोरणाच्या अलीकडे उभा राहिला.

"आत ये," मामा म्हणाले.

"किती वाजले?"

"पंचवीस मिनिटं झाली बारावर. ये."

"माझं मिनिट सदतिसावं आहे."

मामांना पिवळी पाटी आठवली. ते म्हणाले, "अरे, ते गाड्यांचं. हे लग्न आहे."

"तुम्ही म्हणालात, मरेपर्यंत."

आत वैजू हार घेऊन पाटावर उभी होती. समोर अंतरपाट धरला होता. अंतरपाटापलीकडे कुणी नव्हतं. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. मामांनी आठ माणसं बोलावली. तीच आठ. त्यांनी हैबतीला ढकललं. हैबतीनं मांडवाचा खांब मिठीत धरला. मांडव हलला, बायका उठून उभ्या राहिल्या, तेव्हा ढकलणं थांबवावं लागलं. मामांनी शिव्या दिल्या. हैबतीनं मान हलवली. शिव्या येणार हे त्याला सांगितलेलंच होतं.

भटजींची मंगलाष्टकं संपली. त्यांनी ती पुन्हा म्हटली.

सदतिसावं मिनिट लागलं. हैबतीनं खांब सोडला, पागोटं सारखं केलं आणि उजवं पाऊल आत टाकलं. जोडे काढले. वाटेत थोरामोठ्यांच्या पाया पडला. कुणाला वगळलं नाही. तो पाटावर येऊन उभा राहिला तेव्हा भटजी पंचांग मिटत होते.

"मुहूर्त टळला," भटजी म्हणाले. "आता तुळशीच्या लग्नानंतर."

लोकांच्या मुठीत अक्षता तशाच राहिल्या. मामा खांबाला टेकून खाली बसले.

हैबतीनं अंतरपाटावरून वैजूकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

"रडू नको," तो म्हणाला. "एका मिनिटाचाही दंड बसला नाही."