साळूमावशीचा पंजा

जनावरं नुसती बोलत नव्हती, तर माणसांसारखा कारभारही करायला लागली होती, त्या काळातली ही गोष्ट. उन्हाळ्यात नदी आटली की साळूमावशी नावाची साळिंदर वाळूत झिरा खणायची. वाळू रोज ढासळायची, मावशी रोज उपसायची आणि सगळं रान पाणी प्यायचं.

एका साली पाणीचोर नकोत म्हणून रानाने झिऱ्यावर कोल्हा बसवला. ज्याने त्याने पावसाळ्यात चिखलात उमटवून ठेवलेल्या ठशाशी पंजा जुळला, तरच पाणी. कोल्हा मोठा हुशार. पाचही बोटं बघण्यात वेळ जातो म्हणून तो एकच बघायचा. रांग भराभर सरकायची, आणि परक्या रानातलं तरसही त्यातच पिऊन जायचं.

मावशीने पंजा टेकवला. खणून खणून त्याच्या रेघा पार पुसून गेल्या होत्या.

"जुळत नाही. तुम्ही साळूमावशी नाही," कोल्हा म्हणाला.

"अरे बाबा, हा झिरा खणूनच झिजला तो!"

"बरं झालं, स्वतःच कबूल केलंत. ठसा बिघडवणं हा वेगळा गुन्हा. सरका, मागे तरसभाऊ खोळंबलेत."

मावशी तहानलेलीच वळली आणि नदीच्या वरच्या अंगाला आपल्यापुरतं खणून प्यायली.

दुसऱ्या दिवशी झिरा बुजला. कोल्हा जीभ बाहेर काढून धावत आला. "मावशी, लवकर चला, वाळू उपसा!"

"आले असते रे लेकरा," मावशी मायेने म्हणाली, "पण मी ती नव्हेच ना. खरी मावशी असेल इथंच कुठं. पंजे बघत जा, एकेक बोट. तुझं काम झपाट्याचं, सापडेल संध्याकाळपर्यंत."