कासविणीचा मंगळवार

एका शहराच्या मधोमध एक सार्वजनिक बाग होती आणि त्या बागेतल्या तळ्यात एक कासवीण राहत असे. जंगल तिने कधी पाहिलेच नव्हते. तिचे जग म्हणजे तळे, तळ्याकाठची दोन खाटांएवढी वाळू आणि रोज संध्याकाळी येणारी माणसे. ही माणसे वाळूत बसत, भेळ खात, बागेतल्या मोकळ्या हवेची स्तुती करत आणि भेळेचा कागद त्याच हवेत सोडून घरी जात. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, चॉकलेटची चांदी, सगळे वाळूतच राहून जाई. कचऱ्याचा डबा दहा पावलांवर होता. पण मुलांनो, भेळ संपल्यावर दहा पावले किती लांब वाटतात, हे मी तुम्हांला सांगायला नको.

कासविणीला दर वर्षी थंडी सुरू झाली की या वाळूत अंडी घालायची असत. मागच्या वर्षी ती खणायला लागली तर पायाला बाटली लागली. जरा सरकून खणले तर पाकीट लागले. शेवटी थकून तिने एका पाकिटावरच अंडी घातली. ती सगळी नासली, एकही पिल्लू बाहेर आले नाही. तरी ती महिनाभर रोज तिथे जाऊन बसत होती. तिला फार वाईट वाटत होते. या वर्षी अंडी घालायला तीन आठवडे उरले, तेव्हा ती उठली आणि कावळ्याकडे निघाली, कारण बागेत सर्वांत चांगला बोलणारा तोच होता. त्याच्या वडापर्यंत पोहोचायला तिला अख्खी सकाळ लागली.

"कावळेदादा, माझी तेवढी वाळू मोकळी व्हायला हवी," ती म्हणाली.

"तू एका वाळूचे काय घेऊन बसलीस, ताई?" कावळा म्हणाला. "आपण सगळी बाग चकाचक करू. योजनाच काढू."

"वाळू झाली तरी मला पुष्कळ आहे."

"अगं, योजनेत वाळू आलीच."

कावळ्याची योजना वाईट नव्हती, हे कबूल केले पाहिजे. बागेच्या फाटकाशी दर मंगळवारी सकाळी द्वारकाबाई नावाची भंगारवाली मोठे पोते घेऊन येत असे. बाटल्या, कागद, बुचे असे वेगवेगळे आणि कोरडे मिळाले तर ती घेऊन जाई. पुढे त्याच बाटल्यांच्या बादल्या होत आणि जुन्या कागदाचा नवा कागद होई. हे ती एकदा रखवालदाराला सांगत होती आणि कावळ्याने भिंतीवर बसून ऐकले होते. तेव्हा ठरले असे की कुत्र्याने बाटल्या ओढून आणायच्या, खारीने बुचे आणायची, कावळ्याने कागद आणि चांदी उचलायची आणि फाटकाशी सगळ्यांचे वेगवेगळे ढीग घालायचे.

योजना म्हटली की उद्घाटन आले. उद्घाटन म्हटले की बगळा आला. बगळ्याला काम असे काही येत नव्हते. पण तो पांढराशुभ्र होता आणि एका पायावर कितीही वेळ उभा राहू शकत होता, म्हणून प्रत्येक समारंभाला प्रमुख पाहुणा तोच असे. कुणाच्या तरी वाढदिवसाची पडलेली लाल रिबीन दोन झुडपांना बांधली. बगळ्याच्या चोचीने ती कापली जाईना. मग खारीने मागून हळूच कुरतडली आणि बगळ्याने मान हलवली. कावळ्याचे भाषण ऊन डोक्यावर येईपर्यंत चालले. त्यात 'सोन्याचा दिवस' हे शब्द नऊ वेळा आले. नंतर सर्वांना शेंगा वाटल्या. सगळे पांगले, तेव्हा रिबीन आणि शेंगांची टरफले तिथेच पडली होती.

कासविणीने रिबीन तोंडात धरली आणि फाटकाकडे निघाली. ती संध्याकाळी पोहोचली.

पहिला मंगळवार मात्र झकास गेला. फाटकाशी नीट लावलेले ढीग पाहून द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"आज ह्ये कुनी येवढं येगळं येगळं करून ठिवलं?" तिने विचारले.

"मीच," रखवालदार म्हणाला.

तिने सगळे पोत्यात भरून नेले. कावळ्याने लगेच आभाराची सभा घेतली. त्यात त्याने सर्वांचे आभार मानले, कासविणीचे तेवढे राहिले. ती वाटेत होती.

आता मुलांनो, पुढच्या आठवड्यात काय झाले ते ऐका. कोणीही काम सोडले नाही, कोणी आळसही केला नाही. जो तो आपापल्या स्वभावाप्रमाणे वागला, एवढेच झाले.

कुत्र्याचा एक नियम होता. आपल्या हद्दीत काही नवीन दिसले की त्याच्याजवळ जायचे, ते हुंगायचे आणि एक पाय वर करायचा. कागदांचा ढीग रोज नवीन दिसे. कुत्रा रोज नियम पाळी. खारीला गोल आणि टणक काहीही दिसले की ते अडचणीच्या दिवसांसाठी पुरून ठेवावेसे वाटे. बुचे गोल होती आणि टणक होती. ती एकही बूच फाटकाशी नेईना. कावळा चांदी गोळा करायचा ती सरळ घरट्यात न्यायचा. दुपारच्या उन्हात ते घरटे इतके चमकू लागले की त्याची बायको डोळे मिटून अंडी उबवी.

दुसऱ्या मंगळवारी द्वारकाबाईने ढिगावरचा एक कागद दोन बोटांत धरून उचलला आणि लगेच टाकला.

"भाऊ, ह्ये काय करून ठिवलंस? समदं वल्लं, आन वास तरी किती. ह्यो माल कोन घील?"

"मी कुठं काय केलंय?" रखवालदार म्हणाला.

ती रिकामे पोते झटकून निघून गेली. वारा सुटला तसे फाटकाजवळचे कागद आणि पाकिटे पुन्हा बागभर झाली, आणि त्यातली निम्मी तळ्याकाठी आली. वडाखाली सभा भरली. कुत्रा म्हणाला, खार बुचे आणत नाही. खार म्हणाली, कावळा चांदी देत नाही. कावळा म्हणाला, "एकमेकांना बोल लावून काही होणार नाही. लोकांचा उत्साह कमी झालेला आहे. आपण पुन्हा उद्घाटन करू. बगळेसाहेब गुरुवारी मोकळे आहेत."

बगळा रोजच मोकळा होता.

कासवीण सभेला थांबली नाही. तिला आठच दिवस उरले होते. ती वाळूत गेली, वरची पाकिटे तिने तोंडाने बाजूला केली आणि खणायला लागली. पायाला टक् झाले. बूच निघाले. शेजारी खणले, पुन्हा बूच. खारीने गोळा केलेली सगळी बुचे या मऊ वाळूत पुरून ठेवली होती. कासविणीला आधी रडू आले. मग तिला राग आला, आणि तिला राग आलेला बागेत कोणी कधी पाहिला नव्हता.

पण तिचे चालणे असे सावकाश की रागाच्या भरातही खारीच्या झाडापर्यंत जायला तिला दुपार झाली. वाटेत तिला सगळे दिसले. कुत्रा फाटकाच्या खांबाला, तुटक्या बाकाला आणि नव्या कुंडीला क्रमाने भेट देत होता. खार एक बूच घेऊन चार ठिकाणी धावत होती आणि पाचव्या ठिकाणी पुरत होती. कावळा रस्त्याच्या टोकाशी कोण दिसते ते बघून उगाच ओरडत होता. खारीच्या झाडाखाली पोहोचेपर्यंत तिचा राग निवला होता आणि डोक्यात काहीतरी शिजले होते.

"खारूताई, वाळूत पुरलेली बुचे मला काढून दे," ती म्हणाली.

"देते की," खार म्हणाली. मग ती बराच वेळ शेपटी हलवत राहिली. "कुठे पुरली ते काही केल्या आठवत नाही बघ. माझे नेहमीच असे होते."

"मग पुरायचीच असतील तर फाटकाजवळच्या फुटक्या कुंडीत पूर. तिथे माती भुसभुशीत आहे. नाहीतरी तू परत न्यायला येणार नाहीसच."

खारीला हे पटले. पुरायला मिळाल्याशी कारण होते.

मग कासवीण कुत्र्याकडे गेली. "या वाळूत काहीतरी पुरलेले आहे," एवढेच ती म्हणाली. पुढचे सांगावे लागले नाही. कुत्र्याने अर्ध्या तासात सगळी वाळू उलटीपालटी करून टाकली. बुचे निघाली, बाटल्या निघाल्या, मागच्या वर्षीचे ते पाकीटही निघाले. कासविणीने ते स्वतः उचलून नेले.

"आता तू फाटकाशी बाकाखाली झोपत जा," ती कुत्र्याला म्हणाली. "कागद बाकावर ठेवू. दुसरा कोणी कुत्रा तिथे आला तर तुझी हद्द जाईल." कागद बाकावर गेले ते कुत्र्याचा पाय पोहोचत नाही अशा उंचीवर गेले. शिवाय खणायची इतकी आवड असलेला प्राणी अंड्यांपासून लांब राहिलेला बरा, असाही तिचा हिशेब होता. पण तो तिने बोलून दाखवला नाही.

कावळा सर्वांत अवघड होता. "दादा, घरट्यातली चांदी कोणाला दिसते?" तिने विचारले. "फाटकाच्या खांबावर ठेवलीस तर येणारा-जाणारा बघेल. आणि मंगळवारी द्वारकाबाई कोपऱ्यावर दिसली की मोठ्याने ओरड. म्हणजे बाकीचे आपापला माल बघतील. तुझ्याइतका आवाज कोणाला आहे?"

कावळ्याने मान तिरपी केली. त्याच्या बायकोने आतून सांगितले, "न्या बरं ती चांदी एकदाची."

"ठीक आहे," कावळा म्हणाला. "पण याचे उद्घाटन?"

"उद्घाटन नको. मंगळवार पुरे."

पुढच्या मंगळवारी कावळा ओरडला. बाकावरचे कागद कोरडे होते, कुंडी बुचांनी भरली होती आणि खांबावरची चांदी उन्हात चमकत होती. द्वारकाबाईने पोते भरले. रखवालदार म्हणाला, "मीच ठेवलंय." त्याच्या पुढच्या मंगळवारीही असेच झाले, आणि त्याच्याही पुढच्या. कोणाला शपथ घ्यावी लागली नाही. माणसे कागद टाकत राहिली, बाग ते उचलत राहिली. मधल्या एका शांत पहाटे कासविणीने मोकळ्या वाळूत खड्डा केला, अंडी घातली, वर वाळू ओढली आणि तळ्यात गेली.

बऱ्याच दिवसांनी, उन्हे चांगली तापू लागल्यावर, एका सकाळी वाळू हलली. एक पिल्लू बाहेर आले. मग दुसरे, मग तिसरे. सगळी बाग गोळा झाली. कासवीण काठावर मान उंच करून मोजत होती आणि आनंदाने तिची मोजणी सारखी चुकत होती. सर्वांत शेवटचे पिल्लू निघाले ते डोक्यावर निळे बूच घालून. कुत्र्याच्या नजरेतून तेवढे एकच सुटले होते. पिल्लाला समोरचे काही दिसेना, ते तळ्याकडे जायचे सोडून गोल गोल फिरू लागले.

कावळा खाली उतरला. त्याने अलगद ते बूच चोचीत उचलले. पिल्लू सरळ पाण्यात गेले.

बगळा पाय बदलून म्हणाला, "अशा प्रसंगी कावळेरावांनी दोन शब्द बोलावेत."

सगळे कावळ्याकडे बघू लागले. इतके श्रोते त्याला कधी मिळाले नव्हते. भाषण त्याच्या गळ्यापर्यंत आले. पण चोच उघडली असती तर बूच पुन्हा वाळूत पडले असते. कावळ्याने एकदा वाळूकडे बघितले, एकदा कासविणीकडे बघितले. मग चोच घट्ट मिटून तो उडाला आणि फाटकाजवळच्या कुंडीत बूच टाकून आला. परत येईपर्यंत श्रोते आपापल्या कामाला लागले होते, कारण त्या दिवशी मंगळवार होता.

तात्पर्य एवढेच : चांगल्या कामाची सुरुवात एका दिवसाच्या उत्साहाने होते, पण ते टिकते ते दर आठवड्याला न चुकता केल्याने; आणि ज्याच्या त्याच्या खोडीलाच काम दिले, तर ते करून घ्यायला भाषण लागत नाही.